ज्याला विचारून पाऊल टाकाल तो धनी

श्रोतेहो, उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शाळेच्या स्टाफरूममध्ये सहलीच्या गोष्टी निघतात. कुणी काशीचं नाव काढतं, कुणी रामेश्वराचं. अलीकडे त्यात आणखी एक नाव ऐकू येतं, तवांग. अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम टोकाला, हिमालयाच्या कुशीत वसलेलं हे गाव. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या फौजी गावांना हे नाव नवं नाही. बाकीच्यांना मात्र ते नकाशात शोधावं लागतं. बेत ठरतो, गुवाहाटीच्या तिकिटांची चौकशी सुरू होते आणि मध्येच कुणीतरी सांगतं, "अहो, तिकडं जायला परवाना लागतो!"

मग एकच गलका होतो. देश आपला, झेंडा आपला, आणि आपल्याच मुलखात शिरायला परवाना? तो कुणी द्यायचा आणि का म्हणून? एखादा जरा जपूनच विचारतो, "चीन त्या मुलखावर हक्क सांगतो म्हणे. मग सरकारलाच खात्री नाही की काय, की तो मुलूख आपला आहे?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शिकलेली माणसंही तो विचारतात. त्याचं उत्तर नीट कळलं तर सहल तर सोपी होईलच, पण सरहद्द म्हणजे काय आणि हक्क म्हणजे काय हेही उमगेल. म्हणून आज आपण या परवान्याच्या कागदाची उकल करू.

सुरुवात आपल्या रानापासूनच करू. बांधाचा वाद कुणाला सांगायला नको. भावकीत बांध कोरला जातो, हद्दीचे दगड सरकतात आणि प्रकरण मोजणीपर्यंत जातं. अशा वादात सातबाऱ्याचा उतारा महत्त्वाचा असतोच. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे वहिवाट. तो तुकडा कोण नांगरतो? बांधावरचं गवत कोण कापतो? आणि तिऱ्हाईत माणसाला त्या रानातून जायचं झालं तर तो कुणाला विचारतो? आता समजा, वादातल्या तुकड्यात पाय टाकण्याआधी तुम्ही शेजारच्या रामभाऊंना विचारलंत, "जाऊ का तुमच्या रानातनं?" तुमच्या मनात काही नसेल. पण उद्या रामभाऊ म्हणतील, "बघा, गावसुद्धा मलाच विचारून जातं." तुमचा साधा प्रश्न साक्ष होऊन बसला. ज्याला विचारून पाऊल टाकलं, त्याला आपण धनी मानलं.

देशांच्या भांडणातही नियम हाच आहे. वादातल्या मुलखात जाणारा प्रवासी कुणाच्या नाक्यावर थांबतो, कुणाचा शिक्का घेतो, कुणाकडे अर्ज करतो, इकडे दोन्ही बाजूंचं बारीक लक्ष असतं. याची उदाहरणं शोधायला हिमालयात जायला नको. आपल्या मिरज स्टेशनावरून निघणारी गाडीच ती गोष्ट सांगते.

मिरजेहून बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक आणि पुढे दूधसागरचा घाट उतरून मुरगाव, असा तो लोहमार्ग. आज त्या वाटेनं गोव्याला जाताना कुणी काही विचारत नाही. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. कॅसलरॉक हे आपल्या बाजूचं शेवटचं स्टेशन. तिथं आपली जकात तपासणी, आणि घाट उतरून कुळ्याला पोर्तुगिजांची. आपल्या देवांची देवळं पलीकडे, आपल्या लेकी पलीकडे दिलेल्या, भाषाही ओळखीची, आणि मध्ये परदेशाचा नाका. १९५१ साली तर पोर्तुगालने आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' असं नाव देऊन टाकलं. म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच एक प्रांत आणि सातारा-सांगलीचा माणूस तिथं परका, असा त्याचा अर्थ. १९५४-५५ च्या सुमारास ये-जा करण्यावरची बंधनं आवळत गेली आणि १९५५ मध्ये रेल्वेची वाहतूकच बंद पडली.

त्याच १९५५ सालच्या १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. पुढे १५ ऑगस्टला देशभरातून आलेल्या हजारो सत्याग्रहींनी निरनिराळ्या ठिकाणांहून हद्द ओलांडली. पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला आणि कित्येक जण जागीच मारले गेले. आता विचार करा. या माणसांच्या हातात काठीसुद्धा नव्हती. त्यांनी केलं ते एवढंच, की परवानगी न मागता ते पुढे गेले. त्यांनी परवाना मागितला असता तर त्या मागण्यातच पोर्तुगालची मालकी मान्य झाली असती. न मागता टाकलेलं पाऊल हाच त्यांचा सत्याग्रह होता, आणि समोरच्या सत्तेला तेवढंच सोसवलं नाही.

याच झगड्यातली दुसरी गोष्ट आहे नगर हवेलीची. दमणच्या आतल्या बाजूला, चहूकडून भारताच्या मुलखाने वेढलेले दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडे पोर्तुगिजांकडे होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. दमणहून तिकडे कुमक न्यायची तर वाट भारतातून, आणि ती वाट भारताने दिली नाही. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. म्हणणं काय, तर आमच्या रानाला जाण्याची वाट अडवली! तहसीलदाराकडे शेतवाटेचा दावा चालतो ना, अगदी तसाच हा दावा, फक्त दोन देशांमधला.

त्या खटल्यात आपल्या मराठी दप्तरातले कागदही निघाले. मराठ्यांनी १७७९ सालच्या तहाने आणि पुढच्या १७८३ व १७८५ च्या सनदांनी पोर्तुगिजांना तिथं नेमकं काय दिलं, हा वादाचा मुद्दा होता. न्यायालयाने म्हटलं की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसूल घेण्याचा हक्क. मुलखाची मालकी त्यांनी दिलेली नव्हती. मालकी मान्य झाली ती पुढे, इंग्रजांनी पोर्तुगिजांची वहिवाट चालू दिली आणि मानली म्हणून. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या जाण्यायेण्याची वहिवाट पूर्वीपासून होती. पण फौज, हत्यारी पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, आणि १९५४ साली भारताने वाट थांबवली यात भारताचं काही चुकलं नाही, असं न्यायालयाने ठरवलं. सनदेत काय लिहिलं होतं यासारखंच, त्या वाटेनं कोण कुणाला विचारून जात होतं यालाही न्यायालयाने वजन दिलं. गुरुजनहो, इतिहासाच्या तासाला सरंजाम हा शब्द आला की मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर सांगितलेला परवाना परक्या सत्तेचा होता. मग आपल्याच सरकारने आपल्याच माणसाकडे परवाना का मागावा?

असा प्रश्न आपल्या देशात एकदा फार तापला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत जम्मू-काश्मीरला जायचं तर भारतीय माणसालाही परवाना लागे. हे आपल्याला मान्य नाही, असं म्हणून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी ११ मे १९५३ रोजी परवाना न घेता तिकडे गेले. त्यांना अटक झाली आणि २३ जून रोजी श्रीनगरला अटकेत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. पुढे १९५९ मध्ये ती परवान्याची पद्धत उठली. त्यामुळे आज अमरनाथच्या यात्रेची नोंदणी वेगळी, पण काश्मीर पाहायला जाणाऱ्याला प्रवेशाचा परवाना लागत नाही.

वाद असला म्हणजे परवाना लागतोच, असंही नाही. आपल्या उंबऱ्यावरचंच पाहा. बेळगावचा वाद १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालला आहे आणि २००४ सालापासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ साली कर्नाटकचे त्या वेळचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातील चाळीस गावांचा विषय काढला, तेव्हा केवढी धामधूम उडाली ती तुम्हाला आठवत असेल. तरीसुद्धा जतच्या शेतकऱ्याला विजापूरच्या बाजाराला जायला, किंवा कराडच्या माणसाला बेळगावच्या सोयऱ्याकडे जायला कुणाचा कागद लागत नाही. कारण दोन्ही बाजूंना राज्यघटना एकच. घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क दिलेला आहे.

मात्र त्याच कलमात पुढे एक पुरवणी आहे, आणि आपल्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे. या फिरण्याच्या आणि कुठेही वस्ती करण्याच्या हक्कावर सरकारला वाजवी बंधन घालता येतं, पण ते दोनच कारणांसाठी. एक, सर्वसामान्य जनतेचं हित. दुसरं, अनुसूचित जमातींच्या हिताचं रक्षण. हे दुसरं कारण घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे.

अरुणाचलला जाताना भारतीय माणसाला जो कागद लागतो त्याचं नाव इनर लाइन परमिट, म्हणजे आंतररेषा परवाना. त्याचा जन्म १८७३ सालचा. त्या साली इंग्रजांनी बंगालच्या पूर्व सीमेसाठी एक कायदा केला. आसामच्या खोऱ्यात चहाचे मळे वाढत होते. मळेवाले आणि व्यापारी रबर, हस्तिदंत, हत्ती यांच्या मागे डोंगरात शिरत, जमिनी बळकावत आणि तिथल्या जमातींशी त्यांचे खटके उडत. म्हणून इंग्रजांनी डोंगराच्या पायथ्याशी एक रेषा आखली. तिच्या पलीकडे परवान्याशिवाय जायचं नाही आणि बाहेरच्याने तिथं जमीन घ्यायची नाही, असा नियम घातला. त्यात इंग्रजांचा स्वार्थ होताच. व्यापार आपल्या मुठीत राहावा आणि डोंगरातल्या लढायांचा खर्च वाचावा, हा त्यांचा हिशेब. पण स्वातंत्र्यानंतर तीच रेषा डोंगरी जमातींना आपली जमीन राखण्यासाठी उपयोगी पडली.

आता तारखा जुळवून पाहा. परवान्याचा कायदा १८७३ चा. भारत आणि तिबेट यांच्यामधली मॅकमहोन रेषा आखली गेली १९१४ साली सिमल्याच्या परिषदेत. ती रेषा चीन मान्य करत नाही आणि सुमारे नव्वद हजार चौरस किलोमीटर मुलखावर आपला हक्क सांगतो. म्हणजे परवाना आधीचा, वाद नंतरचा. शिवाय हाच परवाना नागालँडमध्ये आणि मिझोराममध्येही लागतो, आणि त्या मुलखांवर चीनचा काही दावा नाही. २०१९ च्या डिसेंबरात तो मणिपूरलाही लागू झाला. तेव्हा चीन हक्क सांगतो म्हणून आपण भीतभीत परवाना मागतो, हा समज मनातून काढून टाका. परवाना आहे तो तिथल्या निशी, आदी, आपातानी, मोन्पा अशा जमातींच्या जमिनीचं आणि रीतीभातीचं राखण म्हणून.

आणि तो देतं कोण? अरुणाचल प्रदेशाचं सरकार, भारताच्या कायद्याखाली. मघाचा बांधाचा नियम इथं लावून पाहा. ज्याला विचारून पाऊल टाकलं, त्याला धनी मानलं. आपण अर्ज करतो तो भारताच्याच एका राज्याच्या कचेरीकडे. त्या परवान्याने भारताचा हक्क कमी होत नाही. उलट दरवर्षी हजारो लोक तो काढतात, नाक्यावर दाखवतात, आणि त्या कारभाराची वहिवाट वाढतच जाते.

हा कारभार तिथं कसा पोहोचला, हेही थोडं सांगायला हवं. तवांगला भारताचा कारभार प्रत्यक्ष सुरू झाला तो फेब्रुवारी १९५१ मध्ये, मेजर बॉब खातिंग आपली तुकडी घेऊन तिथं गेले तेव्हा. १९५९ मध्ये दलाई लामा तिबेटमधून निसटले ते याच वाटेने भारतात आले. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला, तवांग गेलं, सेला खिंड गेली. २१ नोव्हेंबरला चीनने आपणहून युद्धबंदी केली आणि त्यांची फौज मागे गेली. त्याच नोव्हेंबरात देशाचं संरक्षण खातं यशवंतराव चव्हाणांकडे आलं. जन्म देवराष्ट्र्याचा आणि कर्मभूमी कऱ्हाडची, म्हणजे आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांचा हा माणूस. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं तेव्हा सारा महाराष्ट्र म्हणत होता. हा प्रदेश १९७२ साली अरुणाचल प्रदेश या नावाने केंद्रशासित झाला आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी पूर्ण राज्य झाला. आपला सातारा आणि सांगली मिळून जेवढा मुलूख होतो, त्याच्या चौपटीहून तो मोठा आहे.

आता कामाचं सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्या.

सहलीसाठी जाणाऱ्या भारतीय माणसाने पर्यटकाचा आंतररेषा परवाना घ्यावा. तो घरबसल्या अरुणाचल सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो. गावात जोडणी नसेल तर तालुक्याच्या सेवा केंद्रात बसून करता येईल. छायाचित्र आणि ओळखीचा सरकारी पुरावा लागतो, आणि थोडं शुल्क भरावं लागतं. नाव पुराव्यावर जसं असेल तसंच लिहावं. एका कागदावर 'पाटील सुनंदा' आणि दुसऱ्यावर 'सुनंदाबाई पाटील' असं झालं की खोळंबा ठरलेला. परवाना ठरावीक दिवसांचा असतो. म्हणून परतीचा दिवस मोजताना घाटात दरड कोसळून एक-दोन दिवस अडकलो तर काय, हाही विचार करावा. गट मोठा असला तरी प्रत्येकाचं नाव त्यात आहे ना, हे पाहावं. तवांगच्या वाटेवर आसाम संपून अरुणाचल लागतं ते भालुकपोंगला. तिथल्या नाक्यावर परवाना पाहतात. छापलेली प्रत आणि मूळ ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा. डोंगरात फोन चालेलच याचा भरवसा धरू नका.

अर्ज कुठे करायचा याची खात्री करून घ्या. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी इतर ठिकाणं असतात आणि मध्यस्थ चौपट पैसे उकळतात. नियम आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, तेव्हा गेल्या वर्षी जाऊन आलेल्या पाहुण्याच्या भरवशावर राहू नका. निघण्याआधी महिनाभर ताजी माहिती स्वतः पाहा. बदल कसा होतो याचं एक उदाहरण देतो. लडाखच्या सरहद्दीजवळचे पँगाँगसारखे भाग पाहायला भारतीयांनाही असाच परवाना लागे. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या प्रशासनाने देशातल्या प्रवाशांसाठी ती अट काढून टाकली.

सहलीचा परवाना हा कामाचा परवाना नव्हे. विटा, खानापूर, आटपाडीकडची आपली गलाई मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचलेली आहेत. अशा कुणाला तिकडे दुकानात राबायचं असेल, तर पर्यटकाच्या कागदावर जाऊन बसू नये. कामासाठीचा परवाना वेगळा असतो आणि त्याला तिथल्या जबाबदार माणसाची हमी लागते. चुकीच्या कागदावर राहिलेल्या माणसाला परत पाठवतात आणि त्याची मजुरी बुडते ती निराळीच.

तिसरी गोष्ट परदेशी नागरिकांची. तुमचा पुतण्या अमेरिकेचा नागरिक झाला असेल आणि सुट्टीत तुमच्याबरोबर तवांगला यायचं म्हणत असेल, तर तुमचा परवाना त्याला चालणार नाही. परदेशी माणसाला संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. ही पद्धत १९५८ च्या आदेशापासूनची आहे आणि तिचं कारण मात्र सरहद्दीची सुरक्षितता हेच आहे. परदेशस्थ भारतीय म्हणून मिळालेलं ओ.सी.आय. कार्ड जवळ असलं तरी त्यातून सुटका नाही. कित्येक कुटुंबांची इथंच फसगत होते. म्हातारी आई आणि भाऊ पुढे जातात आणि परदेशातून आलेला मुलगा नाक्यावर मागे राहतो.

चौथी गोष्ट बुमला खिंडीची. तवांगच्या वर, पंधरा हजार फुटांहून उंच अशी ही खिंड थेट चीनच्या ताब्यातल्या मुलखाला भिडलेली आहे. तिथं जायला आंतररेषा परवाना पुरत नाही. तवांगच्या जिल्हा कचेरीतून वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि फौजेने नाही म्हटलं तर मुकाट्याने मागे फिरावं लागतं. सेलाची खिंडही तेरा हजार फुटांच्या वर आहे. मार्च २०२४ पासून तिथं बोगदा झाला, म्हणून बर्फातला खोळंबा कमी झाला. पण त्या उंचीवर दम लागतो तो लागतोच. दम्याच्या किंवा हृदयाच्या माणसाने आधी डॉक्टरांना विचारावं.

आता पाहू या की समोरची बाजू हाच नियम कसा वापरते. अरुणाचलचा माणूस चीनला जायला निघाला, तर चीन त्याच्या भारतीय पारपत्रावर शिक्का मारायला कां-कूं करतो. वेगळ्या कागदावर व्हिसा लिहितो आणि तो कागद पारपत्राला टाचून देतो. दिसायला टाचणीएवढी गोष्ट. पण तिचा अर्थ असा, की या माणसाचं भारतीय असणं आम्हाला मान्य नाही. जुलै २०२३ मध्ये चीनमधल्या चेंगदू शहरात विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धा होत्या. वुशू या खेळाच्या भारतीय संघात अरुणाचलच्या तीन मुली होत्या. त्यांना असे टाचलेले व्हिसा दिले, तेव्हा भारताने वुशूचा आपला संघच पाठवला नाही. वर्ष वर्ष घाम गाळलेल्या खेळाडूंना घरी बसावं लागलं. कागद कुणी, कसा दिला याची किंमत केवढी असते, ते यावरून कळेल.

जगात इतरत्रही हेच आहे. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचं बेट आहे. १९७४ साली त्याचे दोन भाग झाले. उत्तरेकडच्या राज्याला एकट्या तुर्कस्तानची मान्यता. त्या उत्तरेच्या विमानतळावर उतरणारा प्रवासी दक्षिणेकडच्या सरकारच्या लेखी बेकायदा शिरलेला ठरतो. जॉर्जिया देशातून अबखाझिया हा भाग फुटून निघाला. जॉर्जियाने २००८ साली कायदा केला, की तिकडे जायचं तर आमच्याच बाजूने जा. रशियाच्या बाजूने शिरणं हा गुन्हा. आपली मराठी मुलं आता शिकायला आणि नोकरीला जगभर जातात. ज्या मुलखात जायचं त्यावर दोन धनी हक्क सांगत असतील, तर कुणाच्या दारातून आत शिरतो आहोत, हे त्यांनी आधी विचारून घ्यावं आणि आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचावी. अजाणतेपणी घेतलेला एक शिक्का पुढच्या प्रवासाला आडवा येऊ शकतो.

आता राहिला तो 'आपल्याच देशात परवाना' हा सल. आपल्या कासच्या पठाराकडे पाहा. फुलांच्या दिवसांत तिथं रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. नोंदणी करून, शुल्क भरून जावं लागतं. मोकाट गर्दी झाली तेव्हा फुलं तुडवली गेली, म्हणून हे करावं लागलं. सातारकराला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण ते पठार आपण राखतो आहोत हे त्याला ठाऊक आहे. मोन्पा माणसालाही आपल्या रानाबद्दल असंच वाटतं. त्याच्या जमिनीवर बाहेरच्या पैशाने कब्जा करू नये, पोराबाळांची भाषा गर्दीत बुडू नये, ही त्याची काळजी आहे. सरहद्दीच्या अगदी कडेला, बर्फात, तो वस्ती करून राहतो. तो तिथं राहतो म्हणून आपली वहिवाट टिकते. तो उठून गेला तर नुसत्या नकाशावर हक्क किती दिवस राखणार?

गुरुजनहो, वर्गात भारताचा नकाशा लावताना तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे आहे ना, हे पाहून घ्या. परदेशी नकाशांत अरुणाचलच्या कडेला तुटक रेघ दिसते. एखादं चौकस पोर विचारील, "गुरुजी, ही रेघ अशी का?" त्याला गप्प बसवू नका. त्याला बांधाची गोष्ट सांगा, मिरजेच्या गाडीची सांगा, नगर हवेलीच्या सनदेची सांगा. मग मुलांकडून कोऱ्या कागदावर परवान्याचा एक अर्ज भरून घ्या. नाव, गाव, कुठे जायचं, कशासाठी, किती दिवस. सर्वांत वर लिहायला लावा, हा अर्ज कुणाकडे करायचा. ती ओळ मुलांना विचार करून लिहू द्या.

आणि श्रोतेहो, तुम्ही जेव्हा खरोखर भालुकपोंगच्या नाक्यावर पोहोचाल, तेव्हा कपाळाला आठी घालू नका. कागद पुढे करा, तिथल्या शिपायाला नमस्कार करा आणि पुढे जा. तो तुमचं नाव नोंदवहीत लिहील. सातारा किंवा सांगली, महाराष्ट्र, असं गावही लिहील. त्या नोंदीत तुमचा प्रवास तर असेलच. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाने या मुलखात शिरताना भारताच्याच दाराशी विचारलं, याचीही ती साक्ष राहील.